मी करतो

आमच्या लेकीचं वय आत्ता सव्वादोन वर्षं, आणि गेले पाच-सहा महिने घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारे शब्द म्हणजे 'मी करतो'. करते नाही, करतो. कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांना हे मुद्दाम सांगावं लागतं, आमच्याकडं बायका पण 'मी येतो', 'मी जेवतो', 'मी आलो' असंच बोलतात. माझी आई अख्खं आयुष्य असंच बोलत आलीय आणि पोरगी निम्मा दिवस आज्जीच्या पदराला धरून फिरते त्यामुळं तिची भाषाही तीच झाली. बायको माहेरची नाशिकची. सुरुवातीला ती दर वेळी 'करते म्हणायचं बाळा, करते' असं समजावायची, पोरगी ऐकून घ्यायची आणि परत म्हणायची, 'मी करतो.' आता बायकोनं सोडून दिलंय, परवा तर फोनवर आपल्या बहिणीला ती स्वतःच 'ठेवतो गं' म्हणाली.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात आहे. गेलं वर्षभर सेकंड शिफ्ट मागून घेतलीय, दुपारी तीन ते रात्री अकरा. कारण सरळ आहे, बायको साडेनऊला बँकेत जाते, आईचे गुडघे दुखतात, तिला पोरीच्या मागं दिवसभर पळणं होत नाही. त्यामुळं सकाळी साडेनऊ ते दुपारी सव्वादोन पोरगी माझ्याकडं. मी रात्री घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते. म्हणजे दिवसातले हे पावणेपाच तासच आमचे, आणि मला जे काय सांगायचंय ते ह्या पावणेपाच तासांतलंच आहे.

आधी मला वाटायचं लहान पोर सांभाळायचं म्हणजे खायला घालायचं, आंघोळ घालायची, खेळवायचं, झोपवायचं. सगळी क्रियापदं आपली. सहा-आठ महिन्यांची होती तोवर ते खरंही होतं. पण चालायला लागल्यावर, आणि खास करून दीड वर्षानंतर, ती सगळी क्रियापदं पोरगी एकेक करून आपल्याकडनं काढून घ्यायला लागली. चमचा मी धरतो. तांब्या मी घेतो. दार मी लावतो. लाईट मी बंद करतो, आणि चुकून आपण बंद केली की परत लावून तिला उचलून बटणापर्यंत न्यायचं, मग तिनं बंद केल्यावरच पुढचं काम. पहिल्यांदा मला हा नुसता हट्ट वाटायचा. आता वाटतं की हट्ट शब्दच चुकीचा आहे, ती कामाला लागलीय. आपण फौंड्रीत नवीन पोरगा आला की त्याला सहा महिने हाताखाली ठेवतो, त्यानं चार कामं बिघडवली तरी चालवून घेतो कारण हात बसायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. घरातल्या ह्या कामगाराला मात्र आपण दोन मिनिटंसुद्धा द्यायला तयार नसतो.

चपलेचंच बघा. आईनं तिला दिवाळीत चप्पल लाईनीतनं छोटी कोल्हापुरी आणली, मागं पट्टा असलेली, माझ्या तळहातात बसेल एवढी. त्या चपलेचा कर्र कर्र आवाज तिला इतका आवडला की घरात पण तीच घालून फिरायला लागली. आता कोल्हापुरी चप्पल घालायची म्हणजे पायाचा अंगठा चपलेच्या अंगठ्यात गेला पाहिजे, आणि सव्वादोन वर्षाच्या पोराला आपल्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा हलवता येत नाही. हे मला तिला बघेपर्यंत माहीतच नव्हतं. ती उंबऱ्यावर बसते, चप्पल दोन्ही हातांनी धरते, पाय उचलून त्यात कोंबते, तर अंगठ्याबरोबर शेजारचं बोट पण आत घुसायला बघतं. मग ती पाय बाहेर काढते, अंगठ्याकडं बघते, हातानं तो धरून बाजूला ओढते, आणि धरूनच चपलेत घालायला जाते, पण मग चप्पल धरायला हात उरत नाही आणि ती घसरून खाली पडते. परत पहिल्यापासून. तोंडातनं जिभेचं टोक बाहेर आलेलं, नाकावर घाम. मी शेजारी बसलेला, माझा हात चार वेळा पुढं जातो आणि चारही वेळा 'मी करतो'. एकदा मी भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली, डाव्या पायाला सात मिनिटं लागली. आणि अंगठा आत गेल्यावर तिनं माझ्याकडं वर बघितलं ना, काही बोलली नाही, हसली पण नाही, नुसतं बघितलं. आमच्या खात्यात अवघड कास्टिंग कुठंही पोकळी न राहता बाहेर आलं की जुने मिस्त्री असेच बघतात.

खाण्यावरनं आमच्या घरात बराच काळ भांडण होतं, आणि त्यात आम्ही सगळेच चुकलो होतो. कोल्हापूर म्हणजे दुधाचं गाव. संध्याकाळी गंगावेशीत जावा, म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाचा पेला हातात देतात, तालमीतली पोरं उभ्या उभ्या रिचवतात. माझे आजोबा तालमीत जायचे, आईच्या लेखी दुधानं होत नाही असं काहीच नाही. तर पोरगी सव्वा वर्षाची झाल्यापासून जेवायची कमी आणि दूध प्यायची भरपूर, दिवसाला जवळजवळ लिटरभर, तेही बाटलीनं. आम्हाला बरंच वाटायचं, भात नाही खाल्ला तर नाही, दूध तर जातंय पोटात. दीड वर्षाच्या लसीला नेली, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि ट्रिपलचा बूस्टर होता, तेव्हा डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन नऊच्या पण खाली. ह्या वयाला अकराच्या आसपास पाहिजे म्हणाले. मग त्यांनी नीट समजावलं, दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर दुधानं पोट भरलेलं राहतं त्यामुळं लोह असलेलं बाकीचं काही पोटात जात नाही, आणि जे थोडंफार जातं ते अंगी लागायला पण दूध आड येतं. दिवसाला अर्धा लिटर, त्याच्या वर नाही, आणि बाटली बंद, पेल्यानं द्यायचं. लोहाचं औषध दुधाबरोबर द्यायचं नाही, लिंबू-संत्र्याबरोबर दिलं तर चांगलं.

आई ऐकायलाच तयार नव्हती. 'दूध पिऊन कुणाचं रक्त कमी झालंय व्हय? अख्खी तालीम दुधावर उभी हाय.' तिला राग आला नव्हता, ती घाबरली होती, कारण इतके महिने बाटली तीच भरत होती. मी तिला सांगितलं की आपल्या एकट्याच्याच घरात असं झालंय असं नाही, २०१९ ते २१ मध्ये सरकारनं देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी केली त्यात सहा महिने ते पाच वर्षांतल्या शंभरातल्या सदुसष्ट पोरांच्या अंगात रक्त कमी निघालं. तिला तो आकडा फार वेळ पटला नाही. मग म्हणाली, 'म्हणजे सगळ्यांच्या आज्ज्या चुकल्या व्हय.' नाही आई, कुणाची आज्जी चुकली नाही, लोकांनी माया केली आणि माहिती कुणी दिली नव्हती.

बाटली सुटायला बारा दिवस लागले, त्यातल्या पहिल्या चार रात्री कुणीच झोपलं नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पण त्यानंतर जे झालं ते मला फार आवडतं. भूक लागायला लागली. रविवारी आमच्याकडं मटण असतं, तांबडा-पांढरा करायच्या आधी मटण शिजवलेलं पाणी बाजूला काढतात त्याला अळणी म्हणतात (नाव अळणी पण मीठ असतं त्यात, आलं-लसूण-हळद असते, फक्त तिखट नसतं). कोल्हापुरातल्या पोरांचं मटण अळणी-भातानंच सुरू होतं. पहिल्या रविवारी तिनं थुंकून टाकलं. दुसऱ्या रविवारी हात घालून नुसतं कालवलं, सगळं अंगावर. डॉक्टर म्हणाले होते की नवीन चव एकेका पोरासमोर दहा-पंधरा वेळा यावी लागते, जबरदस्ती करायची नाही, नुसतं समोर ठेवत राहायचं, आणि आपण त्याच्यासमोर खायचं. सहाव्या का सातव्या रविवारी तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली, अर्धं गळ्यावरनं खाली, आणि वाटी खाली ठेवून म्हणाली, 'आणी'. अजून पाहिजे असेल तर 'आणखी'चं ती 'आणी' करते, अळणीचं पण 'आणी'च होतं, त्यामुळं नक्की काय म्हणाली माहीत नाही. आईनं डोळ्याला पदर लावला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या पुढं गेलं.

मोबाईलचं थोडक्यात. खाताना मोबाईल आम्ही पण लावायचो, पोरगी पडद्याकडं बघत तोंड उघडायची आणि काय खातोय हे तिला कळायचं पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या पोरांना पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको. आम्ही जेवतानाचा बंद केला, बाकी जमेल तसं. जी आई एकटी घरात आहे, एका हातात कुकर आणि एका हातात पोर, तिनं दहा मिनिटं मोबाईल दिला म्हणून तिला कुणी काही बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जे लिहायचं म्हणून मी बसलोय ते.

जुलैतली गोष्ट. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. ज्यांनी २०१९ चा महापूर बघितलाय, २०२१ चा बघितलाय, त्यांना कोल्हापुरात पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न काय असतो ते सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. त्या दिवशी सकाळी ३९ ला टेकलं होतं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की आमचा कारखान्याचा रस्ताच बंद होतो, म्हणून सुपरवायझरचा फोन आला की आज बारापर्यंत या, सकाळची शिफ्ट अडकली तर भट्टीवर माणूस पाहिजे. बायको बँकेत. आई पाऊस सुरू झाल्यापासून गुडघ्यांनी अंथरुणावर. मला पोरीला जेवू घालून, झोपवून, मग निघायचं होतं, आणि घड्याळात साडेअकरा वाजलेले.

मी भात कालवून घास पुढं केला. 'मी करतो.' मी म्हटलं, आज नाही बाळा, आज पप्पाला जायचंय. 'मी करतो.' मी चमचा तिच्या तोंडाला लावला. तिनं हात मारला, वाटी उडाली, वरण-भात माझ्या ड्युटीच्या शर्टावर, भिंतीवर, सगळीकडं. आणि माझा हात उठला. पाठीत बसला. जोरात नव्हता असं मी नंतर स्वतःला खूप वेळा सांगितलं, पण आवाज आला होता, तो आवाज मी अजून ऐकतो.

ती लगेच रडली नाही. एक क्षण तिनं माझ्याकडं बघितलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, थरथरायला लागला. मग तिचं तोंड उघडलं आणि रडू फुटलं, आणि रडत रडत ती उठली, दोन्ही हात वर केले, आणि माझ्याकडंच आली. माझ्या पायाला मिठी मारली आणि माझ्या गुडघ्यावर तोंड घासत 'पप्पा, पप्पा' करून रडायला लागली. ज्यानं मारलं त्याच्याकडंच. तिला लागलं होतं, आणि लागल्यावर ज्याच्याकडं जायचं तो मीच होतो, दुसरा कुणी तिला माहीतच नव्हता.

मी खाली बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. शर्टावरचं वरण तिच्या केसांना लागलं. आतल्या खोलीतनं आईनं सगळं ऐकलं होतं, ती भिंतीला धरत धरत दारात आली. मला वाटलं आता बोलणार. ती एवढंच म्हणाली, 'तुझा बाप हाणायचा तवा तू माळ्यावर जाऊन बसायचास. दोन-दोन तास खाली यायचा न्हाईस. ही तुझ्याकडंच आली की रं.'

माझे वडील वाईट माणूस नव्हते. मिलमध्ये राबले, आम्हा तिघा भावंडांना शिकवलं, शेवटच्या आजारपणात मीच त्यांचं सगळं केलं. पण लहानपणी मला काही लागलं, दुखलं, भीती वाटली तर मी कधीही त्यांच्याकडं गेलेलो नाही. कुठल्या वर्षी, कुठल्या फटक्याला जायचं बंद झालं ते मला आठवत नाही. कधीतरी आधी मी पण असाच दोन्ही हात वर करून त्यांच्या पायाशी गेलो असणार. हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं आणि ड्युटीला जाताना तावडे हॉटेलपर्यंत पावसात हेल्मेटच्या आत मी रडत होतो.

शाळेत मास्तरनं पोरावर हात उचलायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरात असं कुणी विचारत नाही, उलट 'दोन दिल्याशिवाय वळण लागत नाही' म्हणणारेच भेटतात. आमच्याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं, पोरांनी आनंदानं शिकावं म्हणून. इतक्या वर्षांनंतर पण घराघरात धपाटा आहेच. मी त्यावर नंतर बरंच वाचलं. ह्या वयात राग येणारा मेंदू बराचसा तयार असतो आणि राग आवरणारा, कपाळामागचा भाग, तो अजून कुठं सुरू होतोय, तो पिकायला वयाची विशी उलटावी लागते. म्हणजे 'गप्प बस' म्हटल्यावर गप्प बसण्याची ताकदच तिच्याकडं नाही, आणि काय पाहिजे ते सांगायला शब्द पण नाहीत. माझ्याकडं दोन्ही होतं. शब्द पण होते आणि तो कपाळामागचा भाग पण पिकलेला होता.

आता काय करतो? खाली बसतो, एवढंच. महाद्वार रोडवर एकदा फुग्यावरनं ती रस्त्यात आडवी पडली, लोक बघायला लागले, मी ओढून उचलणार तेवढ्यात शेजारी गजरे विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'वाईच बसा की जवळ, थांबतंय ते.' मी फुटपाथच्या कडेला बसलो. चार-पाच मिनिटांत रडण्यातला जोर गेला, नुसते हुंदके राहिले, मग ती सरकत सरकत येऊन टेकली. मावशींनी तिच्या हातात एक मोगऱ्याची कळी दिली. पैसे घेतले नाहीत.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. आवाज चढतो अजून. पण हात उठला नाही, आणि वेळेची एक गोष्ट बदलली, चप्पल घालायला पंधरा मिनिटं लागणार असतील तर आम्ही पंधरा मिनिटं आधी सुरू करतो. भांडणं निम्म्यानं कमी झाली. इतकं साधं होतं ते.

आणखी एक बदललं. पूर्वी मी ड्युटीला चोरून जायचो. आई तिला मागच्या बाजूला चिमण्या दाखवायला न्यायची आणि मी पुढच्या दारानं सटकायचो, म्हणजे रडणार नाही. पण मग ती सकाळभर माझ्या पाठी पाठी, मोरीत गेलो तरी दार वाजवायची, मला सोडायचीच नाही. तिचं पहिलं दोन शब्दांचं वाक्य काय होतं तर 'पप्पा गेला'. वीस-एकवीस महिन्यांची होती तेव्हा, रिकाम्या दाराकडं बोट करून. बायकोनं रात्री मला सांगितलं, बोलायला लागली म्हणून आनंदानंच सांगितलं, पण मला ते वाक्य फार लागलं.

जुलैनंतर मी चोरून जायचं बंद केलं. आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, तसं मी तिच्यासमोर बसायचो, बूट घालायचो आणि सांगायचो, 'येतो हं बाळा.' पहिला आठवडा रडली. जोरात रडली, मला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू यायचं. मग कमी झालं. मग नुसतं बघत राहायची.

आता ती सेफ्टी बूट आणून देते. एका वेळी एकच उचलते, दोन हातांनी, पोटाशी धरून. दुसऱ्यासाठी परत जाते, मी थांबतो. आज दुपारी बूट घालत होतो तर ती चपला घालून पुढं उभी राहिली, उजवी डाव्या पायात, डावी उजव्या पायात, आणि माझ्याकडं बघून आधी तीच म्हणाली, 'येतो.' आज्जीसारखं. आणि कर्र कर्र करत आत स्वयंपाकघरात गेली. मी हेल्मेट घेऊन दारात उभाच होतो. थोड्या वेळानं तिनं पडद्याच्या आडून डोकं बाहेर काढून बघितलं, म्हणाली, 'आलो.'

मी म्हटलं, 'ये.'